परीक्षावाल्या बाई

परिवीक्षा अधिकारी हे शब्द आमच्या कचेरीत एकट्या बोरकुटेबाईंनाच न अडखळता म्हणता येत. एका पोलीस ठाण्यातून एकदा 'परिविक्षिप्त अधिकारी यांस' असा पत्ता लिहिलेलं टपाल आलं होतं. बाईंनी ते पाकीट टेबलाच्या काचेखाली ठेवून दिलं. "बराबर ओळखलं पोलिसायनं," म्हणाल्या.

गावांतल्या लोकांनी आपल्यापुरतं सोपं करून घेतलं होतं. त्यांच्या लेखी त्या परीक्षावाल्या बाई. सिंदेवाहीकडच्या एका गावात एका आईनं घाबरून विचारलं, "बाई, पोरगा नापास झाला का?" बाई ओट्यावर टेकत म्हणाल्या, "अजून नाई. पेपर चालू आहे."

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी चंद्रपूरला त्यांच्या कचेरीत टंकलेखक होतो. तेव्हाच्या कायद्यानं मुलगा सोळाच्या आतला असला आणि गुन्हा किरकोळ असला, तर कोर्ट त्याला शिक्षेऐवजी समज देऊन सोडू शकत असे. कधी आईबापांच्या, कधी गावातल्या एखाद्या भल्या माणसाच्या हवाली करी आणि वर्षभर बाईंनी लक्ष ठेवावं असा हुकूम देई. त्यासाठी आधी बाईंनी मुलाच्या घरी जाऊन अहवाल लिहायचा. दोन जिल्ह्यांचं जंगल, एक बाई आणि एक टाइपरायटर, असा आमचा कारभार.

बाई उंच होत्या. लुगड्यासारखं नेसलेलं सुती पातळ आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. त्यांचं लग्न झालं होतं की नव्हतं याबद्दल कचेरीत दोन मतं होती आणि दोन्ही मतांच्या लोकांची त्यांना विचारायची हिंमत नव्हती. ड्रॉवरमध्ये फायलींच्या मागे खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पुडी असे. साहेबांची चाहूल लागली की बाई तोंड मिटून नुसत्या मान हलवत, आणि साहेबांना वाटे की ही बाई फार आज्ञाधारक आहे.

मुलाशी बोलताना त्यांचा एक नेम होता. "काऊन केलं?" हे त्या कधी विचारत नसत. मला एकदा सांगितलं, "काऊन म्हटलं का पोरगं तोंड बंद करते. त्याले तरी कुठी माहीत असते? तू विचार, मंग काय झालं. मंग काय झालं, मंग काय झालं. पोरगं चालत चालत आपणच तिथी येते." त्या आधीचा त्यांचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला, "जेवला का?" नाही म्हणाला की आपला डबा उघडून त्याच्यापुढे ठेवायचा.

अहवालात 'गुन्हेगार' शब्द आला की पान परत यायचं. "मुलगा लिही." मी म्हणायचो, कोर्टाचा मसुदाच तसा आहे. "मंग कोर्टाले म्हण, तुम्ही टाइप करा." मी दुसरा कागद चढवायचो.

एका गावच्या मामा तलावावर, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावावर, मच्छीमार सोसायटीचं जाळं कापून तीन पोरांनी मासे नेले होते. सोसायटीचे लोक चिडलेले. तिघांना आत टाका, दुसरं काही नको. बाईंनी तलावाच्या बांधावर, पाळीवर, बैठक बसवली. सोसायटीचा अध्यक्ष म्हणाला, "बाई, वर्षभर आम्ही मासोळीचं बीज वाढवलं, अन् हे एका रात्रीत उचलून राह्यले. याईले सोडून द्याचं?"

"सोडून नाई द्याचं. तुमच्याच जवळ ठेवायचं."

"म्हणजे?"

"जाळं कोणं कापलं? याईनं. मंग विणून कोण देईन?"

अध्यक्षाची बायको मागे जाळं विणतच बसली होती. ती फस्सकन हसली. म्हणाली, "याईले सुई तरी धरता येते का? मी शिकवतो. पण माह्या हातची मार खावी लागन, सांगून ठेवतो."

बाई गंभीरपणे म्हणाल्या, "मार कायद्यात बसत नाई. शिव्या दे."

तीन पोरं पूर्ण उन्हाळा त्या बाईच्या अंगणात जाळं विणत बसली. पावसाळ्यात बीज सोडताना डोंग्यात तीच होती. कोर्टानं केस बंद केली, त्या दिवशी सोसायटीनं बाईंना एक मोठा रोहू दिला. सरकारी नोकरानं काही घ्यायचं नाही म्हणून बाईंनी तो तिथंच शिजवायला लावला आणि सगळ्या गावाबरोबर जेवल्या. परतीच्या बसमध्ये त्या मला म्हणाल्या, "लांजेवार, हे असं दहापैकी दहादा जमलं पाहिजे. एकही हातून सुटला नाई पाहिजे." मी नुकताच नोकरीला लागलो होतो. मला ते अवघड वाटलं नाही.

मग विलासचं प्रकरण आलं.

विलास सिंदेवाहीपासून आत असलेल्या जामटोल्याचा. बाप वारलेला. आई पार्बताबाई धानाच्या रोवण्याला, कापणीला मजुरीनं जायची. सिंदेवाहीच्या बाजारातून त्यानं एका शिलाई मास्तरची सायकल उचलली होती. घरी नेऊन पोळ्याला बैलांची शिंगं रंगवतात त्या लाल रंगानं ती रंगवली. रंग पुरला नाही. चेनकव्हरवर मास्तरच्या नावाची मागची अर्धी अक्षरं तशीच राहिली आणि चौथ्या दिवशी पोलीस दारात आले. कोर्टानं त्याला निरीक्षणगृहात ठेवलं आणि वयाचा पुरावा मागितला.

निरीक्षणगृहात बाईंनी त्याला डबा दिला. तो जेवला. मिसरूड फुटायचं होतं. कान मोठे, मनगटं बारीक. मंग काय झालं, मंग काय झालं करत करत तो म्हणाला, "मले फक्त एक चक्कर मारायची होती, मामी. मंग वापस कराले भेव वाटला." बाईंना तो पहिल्या दिवसापासून मामी म्हणायला लागला. का, ते आम्हाला समजलं नाही. बाईंनीही सांगितलं नाही की असं म्हणू नको.

बाई शिलाई मास्तरलाही भेटून आल्या. सायकल परत मिळाली होती. विलासनं त्याच्या दुकानात काजं-बटणं करावीत आणि मास्तरनं त्याला शिवण शिकवावं, असं ठरलं. सगळं जुळत आलं होतं. कोर्टापुढं वयाचा दाखला ठेवायचा, एवढंच राहिलं होतं. बाईंनी पार्बताबाईला सांगितलं, "शाळेतून दाखला घेऊन ये. तारखेच्या दिवशी सरळ कोर्टात ये."

तारखेला पार्बताबाईची बस उशिरा आली. आमच्या केसचा पुकारा झाला आणि ती धावत आली. पदराच्या गाठीत घडी केलेला दाखला. बाईंनी गाठ सोडली, कागद माझ्याकडं दिला. मी अहवालाला टाचणी लावली आणि आत नेऊन दिला. तो कागद उलगडून ना बाईंनी वाचला, ना मी. पोराच्या चेहऱ्याकडं पाहिल्यावर वाचायचं काही उरतं असं आम्हाला वाटलंच नाही.

मॅजिस्ट्रेटनं तो वाचला. बोटांवर काही मोजलं. पुन्हा वाचला.

"बाई, या दाखल्याप्रमाणे घटनेच्या दिवशी मुलाला सोळा वर्षं पूर्ण होऊन दीड महिना झाला होता."

मॅजिस्ट्रेटनं कागद बाईंकडं वळवला.

"हा दाखला तुम्हीच हजर केला ना?"

"हो साहेब." मग घाईनं, "साहेब, शाळेत भरती करताना गुरुजी अंदाजे तारीख टाकतात. वर्गातल्या अर्ध्या पोरांची एक जुलै असते."

"असेल. दुसरा पुरावा आहे?"

"आता नाई. आणून देते."

"आणा. तोपर्यंत माझ्यापुढं हाच आहे. मला याला बालक म्हणता येत नाही."

मॅजिस्ट्रेट वाईट माणूस नव्हता. त्यानं चष्मा काढून डोळे पुसले आणि मग सही केली. प्रकरण मोठ्या माणसांच्या कोर्टात गेलं आणि विलास मोठ्या माणसांच्या तुरुंगात.

बाहेर व्हरांड्यात पार्बताबाई हात जोडून उभी होती. दाखला साहेबानं ठेवून घेतला, परत दिला नाही, हे तिनं दारातून पाहिलं होतं. चेहरा फुललेला.

"झालं ना बाई काम?"

बाईंनी तिचा हात धरला आणि तिला बाकावर बसवलं. काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. मी मुद्दामच लांब गेलो.

त्या दिवशी कचेरी सुटल्यावर बाई टेबलाशी बसून राहिल्या. खर्र्याची पुडी उघडी पडली होती, तिला हात लावला नव्हता. "लांजेवार," त्या म्हणाल्या, "वीस वर्षं मी लोकायले सांगून राह्यली, कागद वाचत जा. अन् मीच वाचला नाई."

"टाचणी मी लावली, बाई."

"टाचणीनं काई होत नाई," त्या म्हणाल्या.

नव्या कोर्टानं जामीन दिला, पण जमानतदार सातबारावाला पाहिजे होता. जामटोल्यात बाई दारोदार फिरल्या. कोणी तयार होईना. तिथला एक जाणता म्हणाला, "बाई, पार्बता गरीब आहे, समदं खरं. पण पोरगा पळून गेला तर माही धानाची बांधी जाईन ना." बाई स्वतः जमानत राहायला निघाल्या. आमच्या साहेबांनी फाइल परत केली. सरकारी अधिकाऱ्यानं आपल्याच प्रकरणात जमानत राहणं बसत नव्हतं. बाई त्या दिवशी साहेबांपुढं मान हलवून गप्प राहिल्या नाहीत. त्यांचा आवाज मोठा झालेला मी पहिल्यांदा ऐकला.

आता खरी जन्मतारीख काढल्याशिवाय मार्ग नव्हता. पार्बताबाई म्हणे, विलास तिच्या माहेरी झाला. चामोर्शीच्या पलीकडं, बेलटोलीला. "धानाच्या लोंब्या निघून राह्यल्या होत्या, तवा झाला," एवढंच तिला सांगता येत होतं. गावच्या कोतवालाकडं जन्ममृत्यूची वही असते. ती शोधायला बाई निघाल्या. नक्कल उतरवायला मी बरोबर.

चामोर्शीच्या पुढं नाल्याला पाणी होतं. बस अलीकडंच थांबली. एका ढिवराच्या डोंग्यातून आम्ही पलीकडं गेलो. बाईंना पोहता येत नव्हतं. डोंगा हलला की त्या डोळे मिटत, पण पिशवी छातीशी गच्च. मग चिखलातून दीड तास पायपीट.

कोतवाल म्हातारा होता. त्यानं आम्हाला खाटेवर बसवलं आणि माचीवरून पत्र्याची पेटी उतरवली. "तुम्ही कोन्या साली म्हणता?"

बाईंनी साल सांगितलं.

"त्या सालच्या वहीले उधळी लागली होती, बाई. अर्धी गेली, अर्धी आहे."

त्यानं एकेक पान सुपात ठेवल्यासारखं पेटीच्या झाकणावर ठेवलं. वाळवीनं बाजूनं खाल्लेलं, मधून चाळणी झालेलं. सहाव्या की सातव्या पानावर बाईंचं बोट थांबलं. बापाचं नाव कारू. आईचं नाव पार्बता. अपत्य: मुलगा. मुलाला नाव नव्हतं, तेव्हा ठेवलेलंच नव्हतं. महिना ऑक्टोबर. विलास सोळाला जवळजवळ दोन महिने कमी होता.

बाईंनी तारीख मोठ्यानं वाचली. मला वाचायला लावली. कोतवालाला वाचायला लावली. मग त्या उठून गोठ्याच्या मागे गेल्या आणि बऱ्याच वेळानं परत आल्या. डोळे लाल होते. कोतवालाच्या सुनेनं गुळाचा चहा दिला, तो त्यांनी दोन कप प्यायला.

मला वाटलं, झालं. पण नक्कल माझ्या हातची चालत नव्हती, तहसीलचा शिक्का पाहिजे होता. शिक्का मारणारा रजेवर. तो आला तर त्यानं मूळ वही मागवली. वही आली तोवर मॅजिस्ट्रेटची बदली झाली. नवा यायला वेळ लागला. यात कोणा एकाकडं बोट दाखवून त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही. प्रत्येकानं आपापलं काम आपापल्या वेळेत केलं. बाई दर आठवड्याला तुरुंगात जाऊन विलासला सांगत, "आता या आठवड्यात." पहिल्या काही वेळा तो रडला. मग रडायचा थांबला. मग तो बाईंशी बोलताना त्यांच्या खांद्यावरून मागे पाहू लागला.

धान कापून झालं, दिवाळी गेली, तेव्हा हुकूम आला. तो बालकच होता असं कोर्टानं मान्य केलं. समज देऊन, बाईंच्या देखरेखीखाली आईच्या हवाली. जो हुकूम श्रावणात मिळायचा तो थंडीत मिळाला. मधले दिवस कोणाच्याच हुकुमात नव्हते.

आम्ही घ्यायला गेलो होतो. बाईंनी डबा आणला होता. "जेवला का?"

"हाव, साहेब," विलास म्हणाला.

बाईंनी डबा पुन्हा पिशवीत ठेवला.

शिलाई मास्तरनं शब्द पाळला. विलासला दुकानात घेतलं. नऊ दिवस तो आला. काम करी, मान वर करत नसे. दुकानासमोर एक माणूस येऊन उभा राहतो आणि विलास त्याच्याशी बोलायला जातो, असा निरोप मास्तरनं बाईंना पाठवला. तुरुंगातल्या बराकीत ओळख झालेला माणूस. बाई दुसऱ्याच दिवशी सिंदेवाहीला गेल्या. तो दहावा दिवस. विलास आला नव्हता.

दोन महिन्यांनी जंगलातल्या रस्त्यावर एक ट्रक अडवला गेला. ड्रायव्हरला लोखंडी सळीनं मारलं, तो वाचला नाही. पकडलेल्या चौघांत विलास होता. सळी त्याच्या हातात नव्हती, पण तो तिथं होता. आता त्याला कुठल्याही वहीनं सोळा पूर्ण झाली होती.

बाई मला बरोबर घेऊन त्या ड्रायव्हरच्या घरी गेल्या. असं कोणी करत नाही. त्याच्या बायकोनं विचारलं, "तुम्ही कोण?" बाई म्हणाल्या, "त्यातला एक पोरगा माह्या देखरेखीत होता." त्या बाईनं दार लावून घेतलं. मग आम्ही परत आलो.

खटल्याच्या प्रत्येक तारखेला बाई शेवटच्या बाकावर बसत. कोणी बोलावलं नव्हतं, बोलायचं काही नव्हतं. जन्मठेप झाली तेव्हा पार्बताबाई त्यांच्या शेजारी होती. या खेपेला तिनं काम झालं का असं विचारलं नाही.

पुढं बाईंनी काम सोडलं नाही. उलट जास्त करत. पण आलेला प्रत्येक कागद त्या तीनदा मोठ्यानं वाचत. आम्हाला हसू यायचं, मग यायचं बंद झालं. कितीतरी पोरं त्यांनी सोडवून आणली, कोणाला सुताराकडं, कोणाला रोपवाटिकेत लावलं. मी कधी त्या पोरांची आठवण काढली की बाई ऐकून घेत आणि म्हणत, "हाव. पण तो एक गेला."

विलासला नागपूरच्या तुरुंगात हलवलं. बाई भेटायला जात, तो भेटायला येत नसे. पत्रं परत येत. पार्बताबाई दोनदा गेली, तिलाही तो भेटला नाही. काही वर्षांनी ती तापानं वारली. बाईंनी तेही पत्र लिहून कळवलं. तेही न फोडता परत आलं.

मध्ये कायदा बदलला. सोळाचं अठरा झालं. आणि पुढं आणखी एक दुरुस्ती झाली, की जुन्या प्रकरणात शिक्षा भोगणाराही गुन्ह्याच्या वेळी अठराच्या आत असेल तर त्याला बालकच धरायचं. बाई तोवर निवृत्त झाल्या होत्या. त्या माझ्या घरी आल्या. कायद्याचं ते कलम त्यांनी माझ्यापुढं तीनदा वाचलं. "सतराही नव्हते त्याले," त्या म्हणाल्या. "अर्ज टाइप करून दे."

वकील, अर्ज, तारखा. वर्ष गेलं. तो सुटला.

सुटायच्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर गेलो. बाई वाकल्या होत्या. कॅनव्हासचे बूट जाऊन चपला आल्या होत्या. रस्त्याच्या पलीकडं चहाच्या टपरीवर त्यांनी मला थांबवलं. "तू इथीच राह्य. दोन माणसं दिसली तर तो मागं फिरन."

दार उघडलं आणि एक रुंद खांद्यांचा, कपाळावरचे केस मागे गेलेला माणूस बाहेर आला. मी ओळखलं नसतं. बाईंनी ओळखलं. त्या त्याच्याजवळ गेल्या. तो त्यांच्याकडं पाहत नव्हता. त्यांच्या मागे, रस्त्यावर, झाडाखाली, टपरीपाशी, तो दुसऱ्याच कोणाला तरी शोधत होता. त्यानं काही विचारलं. पार्बताबाई गेल्याचं ते पत्र न फोडता परत आलं होतं, हे मला तेव्हा आठवलं.

बाई बोलू लागल्या. गाड्या जात होत्या, मला शब्द ऐकू येत नव्हते. त्यांचा हात त्याच्या कोपरावर होता. तो भिंतीला टेकून खाली बसला, फूटपाथवर, पाय रस्त्याकडं पसरून. बाईंनी इकडं तिकडं पाहिलं. भिंतीला हात लावून, गुडघे सांभाळत, त्याही हळूहळू त्याच्या शेजारी धुळीत बसल्या.

चहावाल्यानं विचारलं, किती चहा. मी त्याला थांब म्हणालो.